लिलियन गिश : नाजूकपणामागची मेहनत

अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात लिलियन गिश (1893–1993) या अभिनेत्रीचे नाव प्रामुख्याने मूकपटांशी आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथशी जोडले जाते. मात्र तिची सुरुवात रंगमंचावर झाली, बोलपट आल्यावर ती रंगमंचावरच परतली, आणि पडद्यावरील तिच्या ज्या नाजूकपणाचे समीक्षकांनी कौतुक केले, त्याची घडण बऱ्याच अंशी फिरत्या नाटक कंपन्यांच्या कष्टाच्या शिस्तीत झालेली होती.

ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे 14 ऑक्टोबर 1893 रोजी तिचा जन्म झाला. वडिलांनी संसाराकडे पाठ फिरवल्यामुळे आई मेरी हिला पोटासाठी नाटकात कामे करावी लागली आणि लिलियन व धाकटी डोरोथी या दोघीही शाळेच्या वयात रंगमंचावर आल्या. 1902 साली ओहायोतीलच राइझिंगसन या छोट्या गावी लिलियनने पहिली भूमिका केली. ती ज्या प्रकारच्या नाटकांत वाढली त्याला मेलोड्रामा म्हणतात. छळ सोसणारी निष्पाप नायिका, उघडउघड दुष्ट खलनायक, ऐन वेळी होणारी सुटका आणि भावना गडद करणारे संगीत ही त्याची ठरलेली सामग्री असे. तिकिटे दहा, वीस आणि तीस सेंटांची असल्यामुळे हा कामगारवर्गाचा करमणुकीचा प्रकार होता, आणि अशा कंपन्या एका गावातला मुक्काम हलवून रात्रीच्या गाडीने पुढचे गाव गाठत. मुलांना रंगमंचावर कामाला लावण्यावर काही ठिकाणी कायद्याचे निर्बंध होते; म्हणून वय लपवणे, प्रसंगी मोठ्या बायकांसारखे कपडे घालून वावरणे, हेही त्या मुलींच्या धंद्याचाच भाग झाले. अशा बालपणाला रम्य म्हणण्याचे कारण नाही; पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आजारी असतानाही उभे राहायचे असते, हा धडा तिला तिथे मिळाला आणि तो तिने पुढे कधी सोडला नाही.

त्या काळात न्यूयॉर्कमध्ये गिश कुटुंबाने स्मिथ नावाच्या दुसऱ्या एका नाटकवाल्या कुटुंबाबरोबर बिऱ्हाड केले होते. त्यांची मुलगी ग्लॅडिस हीच पुढे मेरी पिकफर्ड या नावाने प्रसिद्ध झाली. 1912 मध्ये या जुन्या मैत्रिणीला पडद्यावर पाहिल्यावर दोघी बहिणी तिला शोधत न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनीच्या स्टुडिओत गेल्या, तिथे ग्रिफिथशी गाठ पडली आणि त्याच वर्षीच्या ‘ॲन अनसीन एनिमी’ या लघुपटातून दोघींचे चित्रपटात पदार्पण झाले. लिलियनने आत्मचरित्रात दिलेल्या हकिकतीनुसार या दोघींमधला फरक लक्षात राहावा म्हणून ग्रिफिथने एकीच्या केसांना निळी आणि दुसरीच्या केसांना लाल फीत बांधायला लावली होती, आणि तालमीत खरी भीती दिसावी म्हणून पिस्तूल झाडत त्यांना खोलीभर पळवले होते.

बायोग्राफचे बहुतेक चित्रपट एका रिळाचे, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे असत. ग्रिफिथ कॅमेरा नटाच्या जवळ नेऊन केवळ चेहरा किंवा हात पडदाभर दाखवू लागला होता. या दृश्याला क्लोज-अप, अर्थात समीपदृश्य म्हणतात. शेवटच्या बाकावरील प्रेक्षकासाठी हातवारे करण्याची नाटकातली सवय अशा दृश्यात हास्यास्पद ठरे, हे लिलियनने फार लवकर ओळखले. ‘द मदरिंग हार्ट’ (1913) मध्ये मूल गमावलेली आई बागेत जाते आणि हाती काठी घेऊन गुलाबाची झुडपे झोडपत सुटते. तोवर दाबून धरलेला शोक त्या एका कृतीतून बाहेर पडतो, आणि तेव्हा ही अभिनेत्री जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

या संयमाचे सर्वांत परिणत रूप ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (1919) मध्ये दिसते. लंडनच्या लाइमहाउस वस्तीतील लूसी ही मुष्टियोद्धा बापाचा मार खाणारी पोर आहे. बाप हसायला सांगतो तेव्हा तिला हसू येत नाही, म्हणून ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसू तयार करते. पुढे बाप कुऱ्हाडीने दार फोडत असताना ती कपाटासारख्या चिंचोळ्या खोलीत अडकून गरगर फिरू लागते; तिथे मात्र संयम पूर्णपणे सुटतो, आणि आधीच्या त्या ओढूनताणून आणलेल्या हसण्यामुळेच तो सुटणे प्रेक्षकाला सोसवत नाही. चिनी नायकाची भूमिका गोऱ्या नटाला देण्याची त्या काळची रीत या चित्रपटातही आहे, आणि आज ती डोळ्यांना खुपते.

त्याहून कितीतरी गंभीर आक्षेप ग्रिफिथच्याच ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (1915) बद्दल आहे. अमेरिकन यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ दाखवणाऱ्या या चित्रपटात कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण असून कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या हिंसक संघटनेला तारणहार ठरवले आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली, आणि त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले. लिलियन यात एल्सी स्टोनमनच्या प्रमुख भूमिकेत होती. पुढे आयुष्यभर तिने ग्रिफिथची बाजू घेतली. त्या निष्ठेत कृतज्ञता होती हे खरे, परंतु चित्रपटाने ज्यांचे नुकसान केले त्यांचा विचार तिच्या समर्थनात फारसा आढळत नाही. ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने आपल्या चित्रपटगृहाला 1976 मध्ये दिलेले गिश भगिनींचे नाव 2019 मध्ये याच चित्रपटामुळे काढून टाकले.

‘वे डाउन ईस्ट’ (1920) हे मूळचे 1898 मधील नाटक. इतके जुने आणि भाबडे नाटक ग्रिफिथने भारी किंमत देऊन विकत घेतले, याचे अनेकांना नवल वाटले. रंगमंचावर कृत्रिम हिमवादळ दाखवून गाजलेला शेवट त्याने खऱ्या बर्फात घेण्याचे ठरवले. व्हर्माँट राज्यातील व्हाइट रिव्हर जंक्शन येथे गोठलेल्या नदीतून वाहणाऱ्या हिमखंडावर निपचित पडून राहण्याचे दृश्य लिलियनने कोणी बदली न घेता स्वतः केले. एक हात आणि मोकळे केस पाण्यात सोडावेत ही सूचना तिचीच होती. दृश्य पुन:पुन्हा चित्रित झाले आणि त्या हाताच्या बोटांना झालेली इजा पुढे अनेक वर्षे जाणवत राहिली. बुडत्या नायिकेची ही असहाय मुद्रा म्हणजे एका कसलेल्या नटीने थंडीत तासन्‌तास केलेले काम होते, याचा पत्ता पडद्यावर लागत नाही. याच वर्षी तिने ‘रीमॉडेलिंग हर हजबंड’ हा चित्रपट दिग्दर्शितही केला, त्यात डोरोथी नायिका होती. दिग्दर्शनाच्या वाटेला मात्र ती पुन्हा गेली नाही.

ग्रिफिथपासून वेगळी झाल्यावर इटलीत चित्रित झालेल्या ‘द व्हाइट सिस्टर’ (1923) नंतर ती मेट्रो-गोल्डविन-मायर या बलाढ्य कंपनीत आली. तिथे कथा आणि दिग्दर्शक यांच्या निवडीत तिचा शब्द चाले. ‘द स्कार्लेट लेटर’ (1926) ला धार्मिक गटांचा विरोध होईल या भीतीने कंपनी कचरत होती, तेव्हा अशा संस्थांशी तिने स्वतः पत्रव्यवहार करून वाट मोकळी केली. स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर शस्त्रम याच्याकडे तिने सोपवलेला ‘द विंड’ (1928) मोहावे वाळवंटात चित्रित झाला. विमानांचे पंखे लावून वाळूची वादळे उठवली जात, आणि पारा 120 अंश फॅरनहाइटपर्यंत चढे. टेक्सासच्या ओसाड माळावर एकाकी पडलेल्या स्त्रीचे मन वाऱ्याच्या आवाजाने ढळत जाते, आणि तो आवाज मूकपटात प्रेक्षकाला केवळ तिच्या डोळ्यांतून ऐकावा लागतो. हा चित्रपट आला तेव्हा बोलपटांची लाट उसळली होती आणि तो आर्थिकदृष्ट्या पडला. आज मूकपटकलेच्या शिखरांत त्याची गणना होते.

मूकपटातील पुष्कळ कलावंतांना बोलपटाने घरी बसवले, कारण त्यांच्या आवाजाला तालीम नव्हती. लिलियनच्या बाबतीत ही अडचण नव्हती. तिची अडचण होती ती बदललेल्या अभिरुचीची, कारण 1930 च्या दशकातल्या अमेरिकेला बेधडक, फटकळ नायिका हव्या होत्या. ‘वन रोमँटिक नाइट’ (1930) हा तिचा पहिला बोलपट फारसा चालला नाही. त्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, जेड हॅरिसने बसवलेल्या चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’ मध्ये तिने येलेनाची भूमिका केली आणि जाणकारांनी तिचे मनापासून स्वागत केले. 1936 मध्ये जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ती ऑफिलिया झाली, तेव्हा गिलगुड बत्तीस वर्षांचा आणि ती त्रेचाळिशीची होती. शिकागोत ‘लाइफ विथ फादर’ चे प्रयोग तिने वर्षाहून अधिक काळ केले, आणि 1953 मध्ये हॉर्टन फूटच्या ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ मधील गावाच्या ओढीने घर सोडणारी वृद्धा आधी दूरचित्रवाणीवर आणि मग ब्रॉडवेवर साकारली. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच विरून जातो, त्यामुळे कारकिर्दीचा हा भाग चरित्रकारांच्या हाती कमी लागतो.

चित्रपट तिने पूर्णपणे सोडला नव्हता. ‘ड्युएल इन द सन’ (1946) साठी तिला साहाय्यक अभिनेत्री म्हणून ऑस्करचे नामांकन मिळाले. नट चार्ल्स लॉटन याने दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट ‘द नाइट ऑफ द हंटर’ (1955) मात्र तिच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोलाचा ठरतो. तयारीसाठी लॉटनने ग्रिफिथचे जुने मूकपट पुन्हा पाहिले, आणि अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या रेचेल कूपरच्या भूमिकेसाठी त्याच मूकपटांच्या नायिकेला बोलावले. रात्री ती बंदूक घेऊन खुर्चीत पहारा देते, बाहेर दबा धरून बसलेला खुनी धर्मोपदेशक भजन म्हणतो, आणि ती त्याच्या सुरात सूर मिसळते. एके काळी कपाटात कोंडून घेतलेली पोर आता उंबरठ्याच्या आत राखण करते आहे, हे लॉटनच्या मनात होते असे मानायला जागा आहे.

1971 मध्ये तिला सन्माननीय ऑस्कर देण्यात आले. तिची अखेरची भूमिका ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ (1987) मध्ये आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील एका बेटावर चित्रित झालेला हा चित्रपटही मुळात नाटकच. त्र्याण्णव वर्षांची लिलियन यात आंधळ्या बहिणीची, म्हणजे बेटी डेव्हिसची, देखभाल करणारी सारा आहे. लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्री सारा दिवंगत नवऱ्याच्या छायाचित्रासमोर बसून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत राहते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ थांबतो.