मुळा, रताळे आणि विसरलेला पाला

परकीय प्रवाशांनी आपल्या ठाणे परिसराविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. १३२१ साली ठाण्यात आलेले डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डनस यांनी हिंदुस्थानातील फणस, आंबा आणि नारळ यांचे मोठ्या नवलाने वर्णन केले. फळांना असा मान सहज मिळतो. परंतु गरिबाच्या चुलीवर रोज शिजणाऱ्या पालेभाजीची दखल बखरकार घेत नाही आणि प्रवासीही क्वचितच घेतो. तिचा इतिहास शोधायचा तर तो शब्दांत, वैद्यकग्रंथांत आणि घरातील स्त्रियांच्या हातात शोधावा लागतो. कंद आणि त्याचा पाला या जोडीपुरता तो येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम मुळा. संस्कृतात त्याला ‘मूलक’ म्हणतात, म्हणजे जे केवळ मूळ आहे ते. पण आपल्या पूर्वजांनी त्याला केवळ मूळ मानले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोवळा मुळा दोष दूर करणारा आणि जून मुळा तिन्ही दोष वाढविणारा सांगितला आहे. मात्र जून मुळा टाकून द्यावा, असे तेथे म्हटलेले नाही. स्निग्ध पदार्थात शिजविला की तो वाताला हितकर होतो आणि वाळविला की कफ व वात शमवितो, असा त्याचा पुढचा उपयोग दिला आहे. जून भाजीचे काय करावे, हा प्रश्न इतका जुना आहे.

मुळा जून का होतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. ज्या मुळात रोप आपले अन्न साठविते, तेच अन्न फुलोरा येताना दांड्याकडे आणि बियांकडे जाऊ लागते. मूळ दोरकट होते आणि आतून भेंडासारखे पोकळ पडते. जाणती गृहिणी अशा मुळ्याची जाड साल काढी, आतला दोरकट गाभा टाकी आणि उरलेला भाग किसून थालीपिठात घाली किंवा आमटीत शिजवी. किनाऱ्यावरच्या घरांत तो सुकटीबरोबर किंवा सुक्या बोंबलाबरोबर रस्स्यात पडे. पाल्याची भाजी हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या डाळीत होई. फुलोरा येऊन गेलेल्या रोपाला शेंगा धरत. त्या डिंगऱ्या कोवळ्या असताना तोडून त्यांची भाजी करीत. मूळ खाण्याजोगे उरले नाही तरी रोप अन्न देतच होते. आणि हा काळ कोणता? थंडी सरून ऊन तापू लागते तो, म्हणजे बहुधा आपला उपवासकाळ. मांसवर्ज्य शुक्रवारी ख्रिस्ती घरात डिंगरीची भाजी शिजली, तर तीत व्रताइतकाच ऋतूचाही वाटा असे.

दुसरा कंद रताळ्याचा. त्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. कॅरिबियन बेटांतील लोक त्याला ‘बटाटा’ म्हणत. हे नाव स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत गेले आणि पुढे दुसऱ्याच एका अमेरिकन कंदाला चिकटले. डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे आली आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई जिंकीपर्यंत हा मुलूख त्यांच्या सत्तेखाली राहिला. त्या संबंधातून ‘बटाटा’ हा शब्द मराठीत रुजला. ज्याचे ते मूळ नाव, त्या कंदाला मात्र आपण ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दावरून रताळे म्हणू लागलो. परदेशातून आलेला हा पाहुणा इतका घरचा झाला की एकादशीला आणि महाशिवरात्रीला हिंदू शेजाऱ्यांच्या उपवासात तो मानाने बसतो.

रताळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे आणि पाने शिजवून खाता येतात. फिलिपाइन्स, तैवान आणि आफ्रिकेतील अनेक देशांत ती नित्याची भाजी आहे. बटाट्याची पाने मात्र विषारी असतात, हे कधीही विसरू नये. कोणत्या कंदाचा पाला खावा आणि कोणत्याचा नाही, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले असते. ते नुसत्या काटकसरीच्या उत्साहाने मिळत नाही.

या ज्ञानाचा उत्तम नमुना म्हणजे अळू. त्याच्या पानांत आणि कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. चिंच घालून अळू नीट शिजविण्याची रीत त्यासाठीच पडली. त्याची पाने वडीला, देठ फतफत्यात आणि अळकुड्या भाजीला. टाकायचे काहीच नाही. सुरणाच्याच कुळातील शेवळे पहिल्या पावसात शहापूर, मुरबाडकडील आदिवासी भगिनी कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या बाजारात आणतात. सोबत काकडाची फळे देतात, कारण शेवळाची खाज त्यांनी मारली जाते. रानातील कडू कंद कापून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करण्याची विद्याही याच लोकांनी जपली. टंचाईत तिचे मोल कळते. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले, तेव्हा जनावरांना घालायच्या कंदांवर लाखो लोकांना दिवस काढावे लागले.

मग मूळ आणि पाला यांची फारकत कशी झाली? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. गाडी आली तसा बाजार दूर गेला. पाला तोडला नाही तर तो मुळातील पाणी ओढून घेतो. मूळ सुरकुतते आणि पालाही कोमेजतो. म्हणून दूरच्या बाजारासाठी पाला आधीच खुडणे व्यापाऱ्याला सोयीचे पडते. मुळ्याची जुडी आजही पाल्यासकट मिळते. गाजर आणि बीट मात्र बहुधा बोडकेच येतात. गंमत अशी की आपल्याकडे पालक म्हणून विकल्या जाणाऱ्या भाजीच्या काही जाती बीटाच्याच वंशातल्या आहेत. बीटाचा पाला टाकणारे घर कित्येकदा त्याच्याच भावंडाला पैसे देऊन विकत घेते.

डोंबिवलीत १९६४ नंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली, भातखाचरांवर इमारती चढल्या. रुळांच्या कडेच्या रेल्वेच्या जमिनीवर मात्र पालक, माठ, मुळा, अळू दीर्घकाळ पिकत राहिले. त्यांना गटाराचे पाणी दिले जाते, ही तक्रार वर्तमानपत्रांतून अनेक वर्षे होत राहिली. पालेभाजीचे कौतुक करताना ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे विचारणेही आता आपले कर्तव्य झाले आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम पांढऱ्या मुळ्यात ३५ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे, तर तेवढ्याच पाल्यात २६५. म्हणजे भाजीवाल्याला “पाला काढून टाका” असे सांगताना आपण जुडीतील अधिक पौष्टिक भाग त्याच्या टोपलीत सोडून येतो. ज्या आज्यांना हे कोष्टक ठाऊक नव्हते, त्यांना पाला ठाऊक होता. त्यांच्यापैकी ज्या आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडून जून मुळ्याची, डिंगरीची आणि अळूच्या देठांची कृती घरातील मुलींनी आणि मुलांनीही लिहून घ्यावी. पुस्तकांनी न नोंदलेला इतिहास असाच टिकतो.