अर्ध्या सामन्याचा भाव आणि समूहाचं शहाणपण

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या पूर्वार्धात किती गुण होतील, यावर आता भाकीत-बाजारांत सौदे होतात. विधान खरं ठरलं तर एक डॉलर, नाहीतर शून्य. सौदा ६० सेंटला चालला असेल तर शक्यता ६० टक्के समजायची. हा जुगार नव्हे, विखुरलेलं ज्ञान एकत्र करण्याचं साधन आहे, असं या बाजाराचे पुरस्कर्ते सांगतात आणि शिकलेली माणसं ते मान्यही करू लागली आहेत. पूर्वार्धाच्या सौद्यांबाबत हे मत मला साफ चुकीचं वाटतं.

पूर्वपक्ष दुबळा नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं १९०७ साली प्लिमथच्या प्रदर्शनातल्या बैलाच्या वजनाचे ७८७ अंदाज तपासले. त्यांतला मधला अंदाज १,२०७ पौंडांचा होता, खरं वजन १,१९८. माणसामाणसांत विखुरलेली माहिती बाजारभावात एकवटते, हे अर्थशास्त्रज्ञ हायेकनं १९४५ साली मांडलं. आयोवा विद्यापीठाच्या निवडणूक-बाजारानं १९८८ पासून अनेकदा मतचाचण्यांना मागे टाकलं.

‘भाव म्हणजेच शक्यता’ या समीकरणावर अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी २००६ साली बोट ठेवलं. ६० सेंटचा भाव असताना व्यवहार करणाऱ्यांचं सरासरी मत ३६ ते ८४ टक्क्यांत कुठेही असू शकतं, हे त्यांनी गणितानं दाखवलं. नेहमीच्या परिस्थितीत हे अंतर फार नसतं, असं वुल्फर्स आणि झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांचं उत्तर. ते मी मान्य करतो. माझा आक्षेप वेगळाच आहे.

गाल्टनच्या बैलाचं वजन कोणाच्याही अंदाजानं बदलणार नव्हतं. पूर्वार्धाची गुणसंख्या मात्र बदलता येते, तीही स्वस्तात. मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि पुरुषांच्या सामन्यात अर्ध असतं वीस मिनिटांचं. एकानं दोन फ्री थ्रो चुकवले, बचावात पाऊल उशिरा टाकलं, की आकडा हलतो. अख्खा सामना हरायला संघाशी उघड द्रोह करावा लागतो. पूर्वार्ध विकणारा खेळाडू उत्तरार्धात जीव तोडून खेळू शकतो, सामना जिंकूही शकतो, आणि आपण कोणाचं काही बिघडवलं नाही अशी मनाची समजूत घालू शकतो. १९५० साली एनसीएए आणि एनआयटी या दोन्ही स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू १९५१ साली पकडले गेले, ते गुणांचा फरक मुठीत ठेवण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियात दाखल झालेल्या फेडरल आरोपपत्रात तर पूर्वार्धाच्या फरकावरच्या पैजाही आहेत. हे आरोप आहेत आणि त्या पैजा भाकीत-बाजारातल्या नव्हेत, सट्टा-कंपन्यांकडच्या आहेत. पण दुबळी जागा तीच आहे.

यावर पुरस्कर्त्यांचं सर्वांत धारदार उत्तर असं: आतल्या माणसानं सौदा केला तर भाव अधिकच अचूक होतो, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं की इथे बाजारानं आधीपासून असलेलं सत्य शोधलेलं नसतं. सौद्यातल्या पैशानंच ते घडवलेलं असतं. शिवाय भाव कोणाच्या ज्ञानानं हलला, हे भावाला सांगता येत नाही. याच वुल्फर्स यांनी २००६ साली कॉलेज बास्केटबॉलच्या निकालांत भ्रष्टाचाराच्या सांख्यिकी खुणा दाखवल्या. बर्नहार्ट आणि हेस्टन यांनी २०१० साली दाखवून दिलं की तशाच खुणा प्रामाणिक खेळातूनही उमटतात. इतक्या अभ्यासू माणसांना आकड्यांवरून शहाणपण आणि संगनमत वेगळं काढता येत नसेल, तर ‘भाव बोलतो’ हा दावा कशावर उभा आहे?

उरला, बाजार जोखीम वाटून घेतो हा पुरस्कर्त्यांचा आणखी एक मुद्दा. शिकागोच्या गहू-वायद्यामागे पडत्या भावाची भीती असलेला शेतकरी होता. पूर्वार्धात ७० गुण होतील की ७५, यावर कोणाची रोजीरोटी अवलंबून आहे? मला तरी असा माणूस सापडत नाही.

एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा बंद करा, अशी मागणी कॉलेज-खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ सालीच केली. तिच्यामागचं कारण, एका माणसाच्या हाती निकाल असणं, पूर्वार्धालाही जवळजवळ तसंच लागू पडतं. म्हणून अंतिम निकालावरच्या सौद्यांचा वाद पुढे चालू राहिला तरी पूर्वार्धाचे सौदे आधी बंद व्हावेत. त्या व्यवहारात बाजाराला मिळतं ते फक्त शुल्क. आमिष मात्र पोचतं वसतिगृहात राहणाऱ्या विशीतल्या मुलापर्यंत, आणि लहान कॉलेजांतल्या ज्या मुलांना जाहिरातींचे पैसे मिळत नाहीत त्यांच्यापर्यंत सर्वांत आधी.