पोटातला जंतू आणि अंगावरचे पित्त : एक न लागलेला निकाल

१/ मराठीत घशाशी येणाऱ्या आंबट पाण्यालाही ‘पित्त’ म्हणतात आणि अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधींनाही. ‘माधवनिदान’ या ग्रंथात अशा विकाराला ‘शीतपित्त’ हे नाव आहे. पोट आणि त्वचा यांचे हे नाते केवळ भाषेतले, की शरीरातलेही?

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी असा सिद्धान्त मांडला की, एका कोपऱ्यात दडलेला संसर्ग दूरच्या अवयवात रोग निर्माण करतो. परिणामी असंख्य रुग्णांचे दात आणि टॉन्सिल काढले गेले. अमेरिकेतील ट्रेंटन येथे हेन्री कॉटन यांनी मनोरुग्णांची आतडीही कापली. त्यांत अनेक दगावले.

३/ पुढे चूक उलट दिशेने झाली. जठराच्या आम्लात जंतू टिकत नाहीत, हा समज दृढ होता. १९७९ मध्ये पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत वक्राकार जंतू दिसले. १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनी ते स्वतः प्राशन केले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

४/ साहजिकच सहा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या गांधींमागेही हाच जंतू असेल का, अशी शंका १९९० च्या दशकात बळावली. काही रुग्णांच्या गांधी प्रतिजैविकांनंतर ओसरल्या होत्या.

५/ शंका निराधार नव्हती. काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींना चेतवणारी प्रतिपिंडे असतात, हे १९९३ मध्ये दिसले होते. जंतूशी लढताना प्रतिकारशक्ती आपपर विसरत असावी, असा तर्क होता. १९९८ मध्ये इटलीत हा जंतू नष्ट केल्यावर काही रुग्णांच्या घटलेल्या प्लेटलेट वाढल्याचेही आढळले.

६/ परंतु हा जंतू जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात आढळत आला आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय गांधी कित्येकदा आपोआपही शमतात. काही अभ्यासांत जंतू गेला तरी गांधी राहिल्या. काहींत जंतू न जाताही त्या ओसरल्या.

७/ म्हणून निकाल अद्याप लागलेला नाही. मार्शल यांचा इतिहास सांगतो, नवी शंका हसण्यावारी नेऊ नये. कॉटन यांचा इतिहास सांगतो, शंकेलाच पुरावा मानू नये. दुसरा धडा विसरल्याची किंमत रुग्णांनी प्राण देऊन मोजली आहे.