घरबांधणीचा परवाना व भोगवटा प्रमाणपत्र

घरबांधणीचा परवाना व भोगवटा प्रमाणपत्र : स्वतःच्या जमिनीवर स्वखर्चाने घर बांधणाऱ्यास बांधकामापूर्वी घ्यावी लागणारी परवानगी आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर त्यात राहण्यास मिळणारी अंतिम मान्यता, या दोहोंचा विचार या नोंदीत पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या अनुषंगाने केला आहे. ‘भोगवटा’ हा शब्द मराठी कागदपत्रांत जुना आहे. मराठेकालीन वतनाच्या व जमिनीच्या तंट्यांत दीर्घकालीन भोगवटा हा हक्काचा एक प्रमुख पुरावा मानला जाई; जो पिढ्यान्‌पिढ्या राहतो वा कसतो त्याचा हक्क, अशी त्यामागील धारणा होती. आधुनिक बांधकाम कायद्याने हा क्रम उलट केला : आधी मान्यता व मग भोगवटा. ग्रामीण महाराष्ट्रातील घरबांधणीसंबंधीचे बहुतेक प्रश्न या दोन धारणांच्या संघर्षातून उद्‌भवलेले आहेत.

पूर्वपीठिका : शेजारधर्माच्या दृष्टीने घरांचे नियमन करण्याची कल्पना प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील गृहवास्तुक प्रकरणात दोन घरांमधील अंतर, सांडपाण्याचा निचरा, खिडक्यांची दिशा यांसंबंधी नियम व दंड सांगितले आहेत. पेशवाईत पुणे शहरातील रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे तंटे कोतवालाकडे येत. खेड्यात मात्र ही व्यवस्था रूढीवर आधारलेली होती. गावाच्या जमिनीचे ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन भाग मानले जात. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. पांढरीवर कोणी कोठे घर बांधावे हे गावकरी व पाटील यांच्या संमतीने ठरे. सुतार व गवंडी घर उभे करीत आणि वास्तुशांत झाली की ते पूर्ण झाले असे समजले जाई. कोरड्या हवेच्या पूर्व पुणे जिल्ह्यात, म्हणजे शिरूर व दौंड या भागांत, दगडमातीच्या भिंती व वर मातीचे सपाट धाबे किंवा माळवद अशी घरे रूढ होती. पश्चिमेकडील मावळात उतरत्या छपरांची घरे आढळत.

ब्रिटिश काळ : इंग्रजी अमलात घरबांधणीवरील नियंत्रण दोन वेगवेगळ्या वाटांनी आले. पहिली वाट महसुलाची. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ अन्वये शेतीची जमीन अन्य कामासाठी वापरण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक झाली. हिचा हेतू वापर बदलल्यावर त्यानुसार आकारणी करण्याचा होता. घर मजबूत आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. ‘बिनशेती’ हा शब्द यातूनच लोकांच्या तोंडी रुळला. दुसरी वाट आरोग्याची. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली स्थानिक संस्थांनी हवा, उजेड व सांडपाणी यांविषयी उपविधी केले. मुंबई इलाख्यातील नगरपालिका कायद्यांतही तसाच विचार दिसतो. घोडनदीकाठचे शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांचे महत्त्वाचे लष्करी ठाणे होते आणि तेथे १८६८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. दौंड हे पुणे–दिकसाळ लोहमार्गामुळे (१८५८) व पुढे दौंड–मनमाड मार्गामुळे (१८७८) वाढलेले जंक्शन होय. अशा गावांत नव्या बांधकामाची सूचना नगरपालिकेस देण्याची पद्धत १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने दृढ केली. १८९६-९७ च्या प्लेगनंतर दाट वस्ती व कोंदट घरे यांकडे शासनाचे लक्ष वेधले आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात भारतातील पहिला नगररचना कायदा झाला. खेड्यांतील पांढरी मात्र या साऱ्या नियमांपासून दूरच राहिली.

स्वातंत्र्योत्तर कायदे : मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ अन्वये गावाच्या हद्दीत घर बांधण्यास ग्रामपंचायतीची परवानगी आवश्यक ठरली. अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत पंचायतीने निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे गृहीत धरण्याची तरतूद त्यात होती. नगरपालिकांसाठी १९६५ चा अधिनियम झाला. त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. पहिल्या कायद्याने जमिनीचा ‘विकास’ ही व्यापक संकल्पना आणली आणि नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून केलेले बांधकाम अनधिकृत ठरविले. दुसऱ्याने बिनशेती परवानगीची जुनी पद्धत चालू ठेवली. परिणामी एकाच घरासाठी महसूल खाते व नियोजन खाते अशी दोन दारे निर्माण झाली. तिसरी अडचण तुकडेबंदीची होती. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतरणास मनाई केली असताही, रस्त्यालगतच्या शेतांचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते घरांसाठी विकले गेले. अशा जागेवरील घरास मंजूर अभिन्यास नसतो, रस्त्याची रुंदी पुरेशी नसते आणि म्हणून रीतसर परवानाही मिळत नाही. ही वस्ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम करण्यात आला. त्यातील १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली.

घराची मजबुती हा नियमनाचा हेतू सर्वांत उशिरा पुढे आला. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि ग्रामीण घरांपर्यंत ती पोहोचली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचे जड धाबे कोसळून बहुतेक मृत्यू घडले. त्याच धाटणीची जुनी घरे पूर्व पुणे जिल्ह्यातही असल्यामुळे त्या घटनेचा अर्थ येथेही तितकाच लागू पडतो : रूढीने दिलेली संमती शेजारी तृप्त ठेवते, छत सुरक्षित ठेवत नाही.

शिरूर व दौंड तालुक्यांतील स्थिती : या दोन तालुक्यांत घर कोणत्या गावी व गावाच्या कोणत्या भागात आहे, यावर परवाना देणारी संस्था बदलते. शिरूर व दौंड या शहरांत नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण होय. रांजणगाव (ता. शिरूर) व कुरकुंभ (ता. दौंड) येथील औद्योगिक क्षेत्रांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र नियमावली लागू असते. ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत दोन्ही तालुक्यांचा काही भागच समाविष्ट आहे; उर्वरित गावे १९९७ मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेखाली जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत राहिली. महानगर प्राधिकरणाच्या विकास योजनेचे प्रारूप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु ते रद्द करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. अशा रीतीने एकाच तालुक्यातील दोन भावांनी दोन गावांत सारखेच घर बांधावयाचे ठरविल्यास एकास पुण्याच्या कार्यालयात व दुसऱ्यास जिल्हा प्रशासनाकडे जावे लागते.

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नमुना क्रमांक ८ विषयीचा गैरसमज या भागांत सर्वत्र आढळतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा असून मालकीचा वा बांधकाम परवान्याचा पुरावा नव्हे. कर भरल्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. गावठाणातील मिळकतींचे नकाशे व मिळकत पत्रिका नसल्यामुळे हा गैरसमज टिकून राहिला. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रारंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातच, सोनोरी (ता. पुरंदर) येथे झाला व २०२० पासून केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेतून या मोजणीस देशव्यापी स्वरूप आले.

कार्यपद्धती : अर्जासोबत सात-बारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, जमीन कोणत्या विभागात मोडते याचा दाखला आणि परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने तयार केलेला बांधकाम नकाशा जोडावा लागतो. छाननीनंतर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. १९६६ च्या अधिनियमानुसार ते एक वर्षापुरते वैध असून त्यास जास्तीत जास्त तीन वर्षे मुदतवाढ मिळू शकते. जोते पूर्ण झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे याची खातरजमा करावयाची असते. बांधकाम संपल्यावर तज्ञ पूर्णत्वाचा दाखला सादर करतो. त्यानंतर प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते.

मुदतीची ही मर्यादा स्वतः घर बांधणाऱ्यास विशेष जाचक ठरते. बागायतदार शेतकरी उसाचे पैसे हाती येतील तसे घर वाढवितो : एका हंगामात जोते, दुसऱ्यात भिंती, तिसऱ्यात स्लॅब. दरम्यान परवान्याची मुदत संपते, गवंड्याच्या सल्ल्याने जिना सरकतो, सामासिक अंतरात न्हाणीघर येते, मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली चढते. यांपैकी प्रत्येक बदलास सुधारित मंजुरी हवी असते. ती घेतलेली नसल्यास अंतिम पाहणीच्या वेळी घर व नकाशा जुळत नाहीत आणि प्रमाणपत्र अडते. बहुसंख्य घरमालक तर त्यासाठी अर्जच करीत नाहीत, कारण वीज, पाणी व घरपट्टी यांची सोय त्याआधीच झालेली असते.

कार्यपद्धती सुलभ करण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. २०१७ मध्ये महसूल संहितेत घातलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मी. अंतरातील जमिनीस, विहित रक्कम भरल्यावर, स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज उरली नाही. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई, औद्योगिक क्षेत्रे व काही अन्य भाग वगळता राज्यभर एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि गावोगावचे भिन्न नियम संपुष्टात आले. तीनुसार १५० चौ. मी.पर्यंतच्या भूखंडावर, विहित अटींस अधीन राहून, तज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा व शुल्क दाखल केल्याची पोच हाच परवाना मानला जातो. यामुळे प्रारंभीचे दार रुंद झाले. मात्र नकाशाप्रमाणे बांधण्याची जबाबदारी मालकावर व त्याच्या तज्ञावर अधिक पडली.

अंतिम मान्यतेचे महत्त्व : सदनिका विकत घेणाऱ्यास १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका अधिनियमाचे व २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचे संरक्षण आहे, स्वतःसाठी घर बांधणाऱ्यास ते मिळत नाही, कारण तोच बांधणारा व तोच राहणारा असतो. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) खाली बांधल्या जाणाऱ्या, किमान २५ चौ. मी. क्षेत्राच्या घरकुलांची टप्प्याटप्प्याने पाहणी होते व स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेतली जातात. परंतु ती मुख्यतः अनुदानाचे हप्ते देण्यासाठी असते. १७ डिसेंबर २०२४ रोजी मीरत येथील एका अनधिकृत बांधकामासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निदेश दिले : वीज, पाणी व मलनिःसारण यांच्या जोडण्या पूर्णत्वाचे वा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात आणि बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देण्यापूर्वी ते तपासावे. आजवर केवळ कागद समजला गेलेला हा दाखला त्यामुळे घराच्या उपयोगाचीच अट बनला.

महसूल, आरोग्य, नियोजन व सुरक्षितता या चार हेतूंनी वेगवेगळ्या काळी आलेले कायदे या प्रदेशात एकावर एक साचत गेले. जुना कायदा क्वचितच हटला. गुंठेवारीसारखी नियमितीकरणे भूतकाळातील घरांना दिलासा देतात, पण त्यांच्या वारंवार वाढणाऱ्या मुदतींमुळे आधी बांधावे व मग मान्यता मिळवावी ही जुनी धारणाही पुष्ट होते. पांढरीवरील घराचा भोगवटा पूर्वी गावाच्या साक्षीने सिद्ध होई. आज त्यास मोजणीचा नकाशा, जोत्याची तपासणी व अंतिम प्रमाणपत्र यांची साक्ष लागते. ज्या कुटुंबाने आयुष्याची बचत भिंतींत घातली आहे, त्याला ही साक्ष जोते भरतानाच मिळवावी लागते. छत पडल्यावर किंवा घर विकावयाच्या वेळी ती मिळविणे बहुधा दुरापास्त ठरते.