तारेतून जुळलेला शेजार

1997 च्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोजवळ 109 घरांची एक नवी वसाहत उभी राहत होती. घराबरोबर अतिवेगवान इंटरनेट मिळेल, असे घर घेणाऱ्यांना सांगण्यात आले होते. बाकीचे जग तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेमची शिट्टी ऐकत बसत होते. बॅरी वेलमन या समाजशास्त्रज्ञाचा विद्यार्थी कीथ हॅम्प्टन अभ्यासासाठी त्या वसाहतीत राहायलाच गेला आणि जवळजवळ दोन वर्षे राहिला. संशोधनात वसाहतीचे टोपणनाव ठेवले गेले नेटव्हिल. 64 घरांना जोडणी मिळाली, उरलेली राहून गेली. त्यात रहिवाशांच्या आवडीनिवडीचा भाग फार थोडा होता, त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच ऐपतीच्या कुटुंबांमध्ये तुलना करता आली. जोडलेल्या घरांतली माणसे सरासरी 25 शेजाऱ्यांना नावाने ओळखत होती, न जोडलेल्या घरांतली अवघ्या 8 जणांना. जोडलेले लोक शेजाऱ्यांशी अधिक बोलत आणि त्यांच्या घरी अधिक जात. घरांच्या बांधकामात दोष निघाले तेव्हा वसाहतीच्या सामाईक ई-मेल यादीवरूनच बिल्डरविरुद्ध एकजूट झाली. ऑनलाइन समाजाच्या अभ्यासाला आता पन्नासएक वर्षे झाली. त्यात या लहानशा अभ्यासाला मी फार वरचे स्थान देईन. पडद्यावरच्या गप्पा आणि अंगणातल्या गप्पा त्याने एकाच वहीत मांडल्या. ऑनलाइन समाजाचा अभ्यास जेव्हा जेव्हा पडद्यापुरता उरला तेव्हा तो एक तर भारावून गेला किंवा घाबरून गेला. माणसाचे सगळे संबंध एकत्र पाहिले तेव्हाच त्याच्या हाती काही लागले.

या दृष्टीची मुळे संगणकाच्या आधीची आहेत. 1887 मध्ये फर्डिनांड ट्योनिस या जर्मन विचारवंताने गावातला जिव्हाळ्याचा समाज आणि शहरातला व्यवहारी समाज अशी मांडणी केली. पुढे अनेक दशके समाजशास्त्राने शहराकडे पाहिले ते काहीतरी हरवले आहे या धास्तीने. तिला पहिला मोठा छेद मिळाला तो नॉर्वेतल्या एका बेटावरच्या ब्रेम्नेस या मासेमारांच्या वस्तीत. 1954 मध्ये जे. ए. बार्न्स यांनी दाखवले की तिथल्या माणसांचे नाते, मैत्री आणि ओळखी गावाच्या शिवेत मावत नाहीत. या विणीला त्यांनी ‘नेटवर्क’ म्हटले. 1968 मध्ये टोरांटोच्या ईस्ट यॉर्क भागात 845 प्रौढांना विचारले गेले की घराबाहेरची तुमची सर्वांत जवळची माणसे कोणती. त्या जवळच्या माणसांपैकी फक्त 13 टक्के त्याच मोहल्ल्यात राहत होती, तरीही संबंध घट्ट होते आणि अडीअडचणीला उपयोगी पडत होते. वेलमन यांनी 1979 च्या निबंधात यावरून दाखवले की समाज नाहीसा झालेला नाही, तो जागेपासून मोकळा झाला आहे. मुंबईच्या गिरणगावाला हे सांगावे लागले नसते. रत्नागिरी-साताऱ्याकडचे कामगार एकेका गावाच्या खोलीत राहत, खाणावळीत जेवत, मनीऑर्डर धाडत आणि संप लांबला की गावी जात. गावाशी असलेले हे नाते मागासपणाची खूण नव्हते, शहरात टिकून राहण्याचे बळ होते, हे राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या भांडवलशाहीवरच्या 1994 च्या ग्रंथात भक्कम पुराव्याने मांडले आहे. मैलोन्‌मैल पसरलेला समाज संगणकाने जन्माला घातला नाही. तो आधीपासून होता.

संगणकाच्या बाजूने आलेल्यांना मात्र आपण अगदी नवा खंड शोधला असे वाटले. लिकलायडर आणि टेलर यांनी 1968 मध्येच भाकीत केले होते की पुढचे समाज समान ठिकाणावर नव्हे, समान आवडीवर उभे राहतील. 1973 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या शिक्षणप्रणालीवर विद्यार्थी टिपणे लिहून एकमेकांशी बोलू लागले. 1978 मध्ये समाजशास्त्रज्ञ स्टार रोक्झॅन हिल्ट्झ आणि संगणकतज्ज्ञ मरे ट्युरॉफ यांनी ‘द नेटवर्क नेशन’ हे पहिले भरघोस पुस्तक लिहिले. मग 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ ‘वेल’ ही संगणकी सभा सुरू झाली आणि तिचा सभासद हॉवर्ड राइनगोल्ड याने 1993 मध्ये ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ लिहून हा विषय घरोघरी नेला. पुस्तक मनापासून लिहिलेले आहे. आजारी मुलांच्या आईवडिलांना रात्री-अपरात्री मिळालेला धीर त्यात खराखुरा आहे. पण त्याच पुस्तकात सहली आहेत, जेवणावळी आहेत, प्रत्यक्ष भेटी आहेत. वेलचे बरेचसे सभासद आसपासचेच होते आणि त्याचे एक साधे कारण होते टेलिफोनचे बिल: लांबून मोडेम लावला की दूरच्या कॉलचे पैसे पडत. ज्याला ठिकाणाविना समाज म्हणून मिरवले गेले, त्याची हद्द टेलिफोन कंपनीच्या दरपत्रकाने आखली होती. पुढच्या संशोधकांनी राइनगोल्डचे शीर्षक उचलले आणि या भेटी बाजूला ठेवल्या, हे मला त्या काळातले मोठे नुकसान वाटते.

यावर आक्षेप येईल की काही समाज खरोखरच पडद्यापुरते होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिस यांनी 1990 मध्ये सुरू केलेले ‘लॅम्डामू’ हे केवळ शब्दांनी बांधलेले घर तसेच होते. तिथे एका सभासदाने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. ज्युलियन डिबेल यांनी 1993 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि तो अभ्यासक्रमांत वाचला जाऊ लागला. पण त्या लेखाचे वजन कशात आहे ते पाहावे. आपल्या पात्राचे हाल लिहिणाऱ्या एका स्त्रीच्या डोळ्यांत त्या वेळी खरे अश्रू होते, हे त्यात नोंदवले आहे. तिथल्या लोकांनी नंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत बसवली ती या दुखापतीपोटी. म्हणजे सर्वांत निखळ उदाहरणातसुद्धा पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हिशेब एकच निघतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 1998 मध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या 73 कुटुंबांतल्या 169 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरांना संगणक आणि इंटरनेट देण्यात आले होते. जे जास्त वापरत त्यांचे घरच्यांशी बोलणे थोडे घटले, ओळखीचे वर्तुळ लहान झाले, एकटेपणा आणि खिन्नता किंचित वाढली. वृत्तपत्रांनी हे पहिल्या पानावर नेले. अभ्यासात तुलनेसाठी इंटरनेट नसलेली कुटुंबे नव्हती, ही उणीव टीकाकारांनी दाखवली. पण त्याहून मोलाचे काम क्राउट यांनीच केले. त्याच लोकांकडे ते पुन्हा गेले आणि 2002 मध्ये त्यांनी लिहिले की बहुतेक वाईट परिणाम विरून गेले आहेत. अभ्यासासाठी घेतलेल्या दुसऱ्या, नव्या गटात तर ज्यांचा मित्रपरिवार मोठा त्यांना लाभ अधिक आणि एकलकोंड्या स्वभावाच्यांना तोटा अधिक, असे दिसले. माणूस आधी कसा जगत होता हे ठाऊक नसेल तर इंटरनेटचा परिणाम सांगता येत नाही, हेच यातून निघते. पहिला निष्कर्ष गाजला, दुसरा ग्रंथालयात राहिला, आणि आजही समाजमाध्यमांवरच्या वादात पहिलाच डोके वर काढतो.

नेटव्हिलच्या बाबतीत कोणी म्हणेल की 25 नावे माहीत असणे म्हणजे 25 जिवलग नव्हेत. खरे आहे, हॅम्प्टन आणि वेलमन यांनीही वाढ झाली ती मुख्यतः विरळ ओळखीत असेच नोंदवले. पण विरळ ओळख क्षुल्लक नसते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवले होते की नोकरीची बातमी बहुधा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून येते, कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. बिल्डरपुढे उभे राहायलाही जिवलग लागत नाहीत. नाव आणि घर माहीत असलेली पुष्कळ माणसे लागतात.

खरा पेच पुढचा आहे आणि तो माझ्या म्हणण्यालाही मर्यादा घालतो. वेल किंवा लॅम्डामूची जागा आता जाहिरातीवर चालणाऱ्या प्रचंड कंपन्यांनी घेतली आहे. कोणाचे बोलणे कोणाला दिसावे हे त्या ठरवतात. 2014 मध्ये उघड झाले की फेसबुकने 6,89,003 जणांच्या पानावरचा भावनिक मजकूर त्यांना न सांगता कमीजास्त करून पाहिला होता. परिणाम अगदी सूक्ष्म निघाला, संताप मात्र मोठा झाला, आणि तो रास्त होता. त्यानंतर संशोधकांसाठी दारे उघडण्याऐवजी बंद होत गेली: ट्विटरने 2023 मध्ये माहितीची फुकट वाट बंद केली, फेसबुक चालवणाऱ्या मेटाने 2024 मध्ये संशोधकांना उपयोगी पडणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन गुंडाळले. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांवर संशोधकांना माहिती देण्याचे बंधन घातले आहे. भारतात तसे बंधन नाही. आपल्याकडचे सोसायट्यांचे, गावांचे, भावकीचे बोलणे तर कुलूपबंद व्हॉट्सअ‍ॅप गटांत चालते आणि ते बंद असणे योग्यच आहे. म्हणून मराठी समाजाच्या या नव्या गावकीचा अभ्यास ज्यांना करायचा आहे त्यांनी कंपनीच्या आकड्यांची वाट पाहत बसू नये. एका सोसायटीत किंवा एका वाडीत वर्ष-दोन वर्षे राहावे, दारोदार जाऊन विचारावे की अडीअडचणीला कोणाला हाक मारता, आणि ती हाक फोनवरून जाते की खिडकीतून, दोन्ही उत्तरे लिहून घ्यावीत.