मुंबई ते लंडन: विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

थोडक्यात उत्तर: मुंबई ते लंडन (हीथ्रो) हवाई अंतर साधारण ७,२०० किमी आहे. थेट विमानाने जाताना साधारण ९ ते १० तास लागतात. येताना वेळ थोडा कमी लागतो.

हे ७,२०० किमी कुठून आले?

अंतर दाखवणारी ॲप्स दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि गोल पृथ्वीवरचा सर्वात जवळचा मार्ग मोजतात. हाच मार्ग मोबाईलच्या सपाट नकाशावर वाकडा दिसतो. विमान लांबून चाललंय असं वाटतं, पण तसं नसतं.

मग ८ तासांत का पोहोचत नाही?

विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर ८ तास होतात. पण प्रत्यक्षात वेळ वाढतो, कारण:

- वारा: खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात (जेट स्ट्रीम). लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात.
- मार्ग: काही देशांची हवाई हद्द बंद असते. उदा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घालावा लागतो.
- जमिनीवरचा वेळ: तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणंही धरलेलं असतं.

तिकिटावर साडेचार तासच कसे?

समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ५:३० ला पोहोचतं. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. म्हणजे ४:३० + ५:३० = १० तास.

येताना फरक वजा करायचा. लंडनहून रात्री ९ ला निघालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला मुंबईत उतरलात, तर १४:३० − ५:३० = ९ तास.

लक्षात ठेवा, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे असतात. तेव्हा फरक साडेचार तासांचाच असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक

तिकिटावर "रविवार, ०२:१५" लिहिलं असेल, तर विमानतळावर शनिवारी रात्रीच पोहोचायचं आहे! रात्री १२ नंतर तारीख बदलते. "रविवारी रात्री निघू" म्हणून बसलात, तर विमान कधीच गेलेलं असेल आणि बहुतेक वेळा नवीन तिकीट काढावं लागेल.

त्यामुळे तिकीट बुक करताना तीन गोष्टी नक्की बघा: तारीख, २४ तासांच्या घड्याळातली वेळ आणि पोहोचण्याच्या वेळेपुढचा "+१". हा "+१" म्हणजे तुम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचणार. घ्यायला येणाऱ्यांनाही तीच तारीख कळवा.