भर की भेसळ?

धान्यात खडे मिसळले तर ती भेसळ. पण भिंतीच्या मातीत कुटार मिसळले तर त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी एका वस्तूत दुसरी परकी वस्तू शिरली. मग एकीने माल बिघडतो आणि दुसरीने भिंत टिकते, हे कसे? वाचक हो, या साध्या प्रश्नाचा माग काढीत माणूस ग्राफीन नावाच्या नव्या द्रव्यापर्यंत कसा पोहोचला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ओली माती वाळली की आकसते आणि तडकते. कुटाराची काडी तड्याच्या आड येऊन त्याच्या दोन्ही बाजू धरून ठेवते. पण कोरडे कुटार आयत्या वेळी घातले, तर काडी मातीतून सुळकन निघून येते. म्हणून जाणता माणूस गारा भिजवून, तुडवून काही दिवस मुरत ठेवतो. मुरल्यावर काडीची गुळगुळीत पाठ मऊ पडते आणि माती तिला धरते. सगळी मेख या मुरवण्यात आहे. भर किती घातली, याहून ती किती धरली गेली याला महत्त्व. रसायनशास्त्राने हीच गोष्ट पुढे वेगळ्या वाटेने गाठली.

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के करण्याची रीत शोधली. तरी मोटारींचे आरंभीचे टायर पांढुरके असत आणि लवकर झिजत. १९०४ च्या सुमारास लंडनमधील सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात रबरात काजळी घालून पाहिली, आणि रबर कितीतरी चिवट झाले. टायर काळा असतो तो यामुळे. टायरच्या काजळीचे कण इतके बारीक, की एका ग्रॅममधल्या साऱ्या कणांचा पृष्ठभाग पसरला तर सुमारे एक गुंठा जागा व्यापेल! त्या एवढ्या पाठीला रबराचे रेणू घट्ट बिलगतात. साध्या खडूची भुकटी घातली तर वजन वाढते, बळ तेवढे येत नाही. शेतातली पाण्याची काळी पॉलिथीन नळी पाहा. तिच्यात शेकडा अडीचच्या आसपास काजळी असते, ती प्लास्टिकला उन्हापासून राखते. उलट, पांढऱ्या नळीत स्वस्ताईसाठी खडूची भुकटी अतोनात कोंबली, तर नळी जड होते आणि उन्हातान्हात टिचते. इथे भरीची भेसळ झाली.

रबर, नायलॉन, प्लास्टिक ही एकाच कुळातली. लहान रेणूंची लांबच लांब माळ, तिला पॉलिमर म्हणतात. ही विद्या शिकायला आपल्याला नागपूर सोडावे लागत नाही. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित रसायनशास्त्रासाठी ठेवले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. खाणीतला पैसा असा रेणूंच्या अभ्यासाला लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या काळ्या मातीकडे या. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कारण तिच्यातली चिकणमाती पापुद्र्या-पापुद्र्यांची असते आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरते. एका पापुद्र्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी याच कुळातली माती नायलॉनसाठी वापरली. पाण्यावर लोभ असलेली माती नायलॉनला सहज जवळ करीना. म्हणून त्यांनी तिला आधी एका अमिनो आम्लाची प्रक्रिया दिली. आपले मुरवणेच ते! पापुद्रे फाकले, त्यांच्यात नायलॉन वाढले. शेकड्याला पाचाहूनही कमी माती, पण भाराखाली नायलॉन वाकण्याचे तापमान सुमारे ६५ अंशांवरून १४० च्या वर गेले.

ग्राफीनही पापुद्राच, मात्र शुद्ध कार्बनचा आणि एका अणूच्या जाडीचा. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असते (शिसे मुळीच नसते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे), त्याचा हा एकेक थर. मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीने तो सुटा करून अभ्यासला. २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तो पोलादाहून सुमारे शंभर पट बळकट, आणि एका ग्रॅमच्या दोन्ही पाठी मिळून पृष्ठभाग सव्वीस गुंठे! पण पाठ गुळगुळीत, पॉलिमरला धरायला काही नाही.

याचा उपाय आधीच तयार होता. ब्रॉडी या इंग्रज रसायनज्ञाने १८५९ मध्ये तीव्र नत्राम्लादींनी ग्रॅफाइटला ऑक्सिजन जोडला होता. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट घेऊन (विहिरीत टाकतो तेच जांभळे औषध) ती रीत सोपी केली. गुळगुळीत पातेल्याला कान बसवावेत, तसे हे ऑक्सिजनचे गट पापुद्र्याला बसतात. त्यांना हवे ते रेणू अडकवता येतात. अमेरिकेत २००८ मध्ये असे प्रक्रिया केलेले पापुद्रे काचेसारख्या पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये घातले. दोन हजार किलोला एक किलो, एवढेच प्रमाण. पण माल मऊ पडण्याचे तापमान जवळजवळ ३० अंशांनी चढले.

अडचणीही आहेत. कान बसवताना पापुद्र्याला भोके पडतात, त्याचे मूळचे बळ उणावते. कान थोडे बसवले तर पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, आणि वस्तू नेमकी त्या गठ्ठ्यापाशी तुटते. प्रयोगशाळेतल्या तोळाभर मालात जे साधते ते कारखान्यातल्या टनभर मालात साधेलच असे नाही. पापुद्रे सुटे आणि सारखे पसरलेले ठेवावेत, यावरच संशोधकांची बरीचशी मेहनत आज चालली आहे.